चित्रशाळा आणि शाळा

पावसाळ्याचा पहिला जोर ओसरला आणि श्रावण जवळ आला, की कोकणात घरोघरचे पाट बाहेर निघतात. धुऊनपुसून ते गणपतीच्या शाळेत पोहोचते केले जातात. यजमान मूर्तिकाराला आपल्या घरच्या रिवाजाचे दोन शब्द सांगतो, पाटाच्या मागे खडूने नाव घातले जाते, आणि घरातली मुले त्या दिवसापासून शाळेच्या दारात ठिय्या देतात. त्यांना तेथून उठवून जेवायला आणणे हे आयांना किती जड जाते, हे या सभेतील बहुतेकांना अनुभवाने ठाऊक आहे.

यातील एका शब्दाकडे आम्हांला आपले लक्ष वेधावयाचे आहे. मूर्तिकाराच्या त्या कामाच्या जागेला आपल्याकडे शाळा म्हणतात, कोठे चित्रशाळा म्हणतात. व्युत्पत्ती सांगणारा म्हणेल, की शाला म्हणजे मुळात घर किंवा दालन. पाकशाळा, गोशाळा, धर्मशाळा यांतली शाळा तीच, तेव्हा यात शिकण्याशिकवण्याचा काही संबंध नाही. व्युत्पत्ती बरोबर आहे. पण दारात बसलेल्या मुलांकडे पाहिले म्हणजे तेथे शिक्षण चालत नाही असे म्हणवत नाही. तेथे फळा नाही, घंटा नाही, हजेरी नाही. मूर्तिकार मुलांकडे पाहतसुद्धा नाही. पाहिलेच तर ‘हात लावू नको रे’ एवढेच बोलतो. तरीही चार वर्षे दारात बसलेल्या मुलाला शाडूची माती किती ओली असावी, सोंडेला आतून आधार कधी द्यावा, कोणते अंग वाळू द्यावे आणि कोणते ओल्या फडक्याखाली ठेवावे, हे कळू लागते. डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि त्या वेळी सगळ्या शाळेने गप्प बसायचे असते, हे तर त्याला कोणी सांगावेच लागत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की ज्याने कला शिकवावयाची त्याने स्वतः काम करीत राहणे हे त्याच्या शिकवण्याला कितपत आवश्यक आहे? एक पक्ष म्हणतो, शिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे. उत्तम गवई उत्तम गुरू असतोच असे नाही, तसे चित्रकाराचेही. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याच्या हाताला रंग लागलेला नाही त्याने रंगाविषयी बोलू नये. दोन्ही पक्ष ठासून बोलतात. आम्ही आज या वादाचा निकाल तर्काने न लावता इतिहासाला साक्षीला बोलावणार आहोत. आपल्या महाराष्ट्रात पद्धतशीर चित्रकलाशिक्षणाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि त्यात आपल्या कोकणचा वाटा लहान नाही.

या इतिहासाचा आरंभ मुंबईस होतो. सर जमशेटजी जिजीभाई यांनी कलाशिक्षणासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि १८५७ च्या मार्च महिन्यात त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. आरंभीची वर्षे रेखनाच्या वर्गांची होती. त्या काळी विलायतेतील साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीचा बोलबाला होता. छापील नमुने समोर ठेवावयाचे, त्यांची रेघ न् रेघ उतरवावयाची. मग प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवावयाचे आणि त्यांच्या छटा पेन्सिलीने घोटावयाच्या, असा तो क्रम. शिस्त म्हणून हा क्रम टाकाऊ होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु नमुन्यातली रेघ आधीच पुरी झालेली असते. ती तशीच का ओढली, दुसरीकडे का वळवली नाही, या प्रश्नाचे उत्तर नमुना देत नाही.

१८६५ साली शाळेत फरक पडला. विलायतेहून तीन शिक्षक आले: सजावटीच्या चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स, मूर्तिकामासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, आणि घडीव लोखंडाच्या नक्षीकामासाठी हिगिन्स. त्यांच्या हाताखाली शाळेत तीन कार्यशाळा निघाल्या. योग असा, की त्याच सुमारास मुंबईचा कोट पाडून नवे शहर उभे राहत होते आणि नव्या इमारतींना कमानी, स्तंभशीर्षे, जाळ्या, कारंजी हवी होती. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पुरे झाले. त्याच्या दर्शनी कमानींवरची उठावाची शिल्पे किपलिंगची आहेत. पुढे १८७८ ते १८८८ या दशकात बोरीबंदरचे भव्य स्थानक उभे राहिले, तेव्हा त्याच्या सजावटीच्या कामात ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली शाळेचे विद्यार्थी होते. आजही त्या स्थानकात शिरताना मान वर करून पाहिले तर दगडातली पाने, पशू, पक्षी दिसतात. ते वर्गातल्या पाटीवर शिकलेल्या मुलांचे काम नव्हे. गुरूच्या अंगावर जबाबदारी पडली होती, इमारत ठरल्या दिवशी पुरी व्हावयाची होती, आणि शिष्य त्या जबाबदारीत भागीदार झाले होते.

ग्रिफिथ्सने याहून मोठे एक काम अंगावर घेतले. १८७२ पासून १८८५ पर्यंत तो आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात राहिला आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवीत राहिला. पेस्तनजी बोमनजी हे नामांकित चित्रकार त्या तुकडीतलेच. विलायतेस पाठविलेल्या या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. जे उरले त्याच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा मोठा ग्रंथ निघाला. सरकारी दृष्टीने हे काम नकला उतरविण्याचे होते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र ते निराळेच झाले. मुंबईत प्लास्टरचा ग्रीक पुतळा घोटणारा मुलगा अजिंठ्याच्या अंधाऱ्या विहारात उभा राहिला आणि एका लवचिक रेघेने खांदा, दंड, बोट कसे उभे करता येते, हे त्याने आपल्या हाताने अनुभवले. ज्या भूमीतली चित्रे नमुनावह्यांत नव्हती, तेथली चित्रे गुरूच्या स्वतःच्या ओढीमुळे शिष्यांच्या हातात आली.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्सने त्यांवर वार्निश लावले. ते पुढे काळवंडले आणि मूळ चित्रांचे नुकसान झाले. काम करणारा शिक्षक चुकतो, आणि त्याची चूक कधी कधी फार महाग पडते. आमच्या म्हणण्यातून ही बाजू आम्ही गाळू इच्छीत नाही. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

ग्रिफिथ्सच्या अखेरच्या वर्षांत, १८९० साली, कोल्हापूरहून एक तेवीस वर्षांचा तरुण या शाळेत आला. त्याचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. १८९५ मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, १८९६ मध्ये तो तेथेच शिक्षक झाला, आणि १९३१ मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळेतच राहिला. त्या दीर्घ सहवासाची हकिगत धुरंधरांनी १९४० साली ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात स्वतःच सांगितली आहे.

धुरंधरांचा हात एक दिवस थांबला नाही. पुराणातले प्रसंग, शिवकालातले प्रसंग, लग्नघरे, बाजार, रस्त्यावरची माणसे यांची त्यांनी हजारो चित्रे आणि रेखाटने केली. पुस्तकांसाठी, टपालाच्या पत्रांसाठी, जाहिरातींसाठी ते काढीत राहिले. किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या १९१४ च्या पुस्तकातली आणि ऑटो रॉथफिल्डच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकातली चित्रे त्यांचीच. प्रतिष्ठित टीकाकार अशा कामाला बाजारी काम म्हणून नाक मुरडतात. आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने मात्र हे बाजारी कामच महत्त्वाचे आहे.

कसे, ते पाहू. वर्गातला अभ्यासक्रम ग्रीक पुतळ्यांचा होता. त्या पुतळ्यांना नऊवारी लुगडे नेसता येत नव्हते. कासोटा मागे कसा जातो, ओचा कमरेला कसा फुगतो, पदर डोक्यावरून घेतला म्हणजे खांद्याच्या चुण्या कोणत्या दिशेने पडतात, घागर कमरेवर घेतलेल्या बाईचा तोल कोणत्या पायावर असतो, यांपैकी एकही गोष्ट अभ्यासक्रमात नव्हती. ती धुरंधरांच्या खिशातल्या वहीत होती. दुपारी वर्गात शिकविणारा मनुष्य सकाळ-संध्याकाळ या गोष्टी रेखाटीत होता, म्हणून त्या त्याच्या बोलण्यात, दुरुस्तीत, उदाहरणात आपोआप उतरल्या असणार. अभ्यासक्रम बदलावयाला समिती नेमावी लागते. पण ज्याची स्वतःची वही भरत असते अशा शिक्षकाच्या वर्गात अभ्यासक्रम कागदावर तसाच राहून शिक्षण पुढे सरकते. १९२८-२९ च्या सुमारास नव्या दिल्लीच्या सचिवालयातील दालने चित्रांनी सजविण्याचे काम मुंबईच्या या शाळेकडे आले. तेव्हा शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन होते. त्या कामात धुरंधरांसारखे मुरलेले हात आणि कोवळे हात एकत्र राबले. बोरीबंदरच्या वेळची रीत पुन्हा एकदा जागी झाली होती.

धुरंधरांच्या घरातलेच उदाहरण द्यावयाचे तर त्यांची कन्या अंबिका हिचे देता येईल. जे. जे. ची पदविका मिळविणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. शाळेत त्या रीतसर शिकल्याच; पण चित्र सुरू कसे होते, अडते कोठे आणि सुटते कसे, हे त्यांनी वडिलांच्या कामाच्या खोलीत पाहिलेले होते. ज्या काळी मुलींना या विद्येचे दार जेमतेम किलकिले होते, त्या काळी घरातली ही दुसरी शाळा किती मोलाची ठरली असेल!

आता आपण आपल्या कोकणाकडे वळू. सावंतवाडीस २५ नोव्हेंबर १८८२ रोजी सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म झाला. शाळेत असतानाच मुलाचा हात निराळा आहे हे तेथील चित्रकलेचे शिक्षक मालणकर यांच्या आणि मुख्याध्यापकांच्या ध्यानात आले. त्यांनी संस्थानच्या राजांकडे शब्द टाकला आणि राजाश्रयाने हा मुलगा १९०३ मध्ये मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाला. तेथे त्याला शिकवणाऱ्यांत धुरंधर होते. श्रोत्यांनी ही साखळी मनात धरावी. ग्रिफिथ्सच्या शाळेत धुरंधर घडले, धुरंधरांच्या हाताखाली हळदणकर घडले. आणि या साखळीला कोकणातला मुलगा जोडून देणारी कडी कोणती? सावंतवाडीच्या शाळेतला एक चित्रकलामास्तर! त्या मास्तरांची चित्रे आज कोणत्या संग्रहालयात आहेत, हे विचारण्यात अर्थ नाही. मुलाच्या रेघेतला जिवंतपणा त्यांना ओळखता आला, आणि तो ओळखणारा डोळा नुसती पुस्तके वाचून येत नसतो.

हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईस ‘हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट’ हा स्वतःचा कलावर्ग काढला. वय अवघे पंचवीस-सव्वीस. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करण्यातही ते पुढे होते. तैलरंगातील व्यक्तिचित्रे आणि जलरंग या दोहोंत त्यांचा हात चाले. अशा खाजगी कलावर्गांविषयी आज आपण फारसे बोलत नाही. पण मुंबई, कोल्हापूर, पुणे, बेळगाव येथील चित्रकलेचा पाया अशा वर्गांनीच रचला आहे. यांची रचना पाहण्यासारखी असे. चित्रकाराची कामाची खोली आणि वर्गाची खोली यांत अंतर थोडे. गिऱ्हाईक आले, मापे झाली, बैठक ठरली, की शिष्यांना ते दिसे. व्यक्तिचित्र आवडले नाही म्हणून परत आले, तर तेही दिसे. रंगाची किंमत काय, मलमल ताणावी कशी, गिऱ्हाइकाला हवे असलेले नाक आणि असलेले नाक यांत तडजोड कोठवर करावी, या गोष्टी कोणत्याही परीक्षेला नसतात. पण चित्रकार म्हणून जगावयाचे तर याच परीक्षा रोजच्या असतात.

हळदणकरांचे सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात असलेले ‘ग्लो ऑफ होप’. १९४५-४६ च्या सुमारचे हे चित्र. हातात दिवा घेतलेली एक स्त्री, ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून आडवा धरलेला दुसरा हात, आणि त्या बोटांतून पाझरणारा उजेड. यासाठी त्यांची कन्या गीता हिने तासन् तास उभे राहून बैठक दिली होती. अनेकांना हे चित्र राजा रविवर्म्याचे वाटते. ते आपल्या सावंतवाडीकराचे आहे. आणि जे पाहून तेलरंगाचा भास व्हावा असे हे चित्र आहे जलरंगातले.

जलरंगात काम केलेल्यालाच याचे महत्त्व कळेल. तेलरंगात चूक झाली तर खरवडता येते, वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड. तो रंगवावयाचा नसतो, राखून ठेवावयाचा असतो. एकदा का त्यावर रंग गेला, की मूळचा पांढरा पुन्हा मिळत नाही. म्हणून जलरंग शिकविणारा शिक्षक ‘येथे रंग लाव’ असे सांगण्यापेक्षा ‘येथे थांब’ असे अधिक वेळा सांगतो. पण कधी थांबावे, हे त्याला तरी कोणी सांगितलेले असते? शेकडो कागद वाया गेल्यावर ते त्याच्या मनगटाला कळलेले असते. आमच्या मते कलावंत शिक्षकाचे खरे भांडवल हेच. नियम पुस्तकात असतात आणि पुस्तक कोणीही वाचून दाखवू शकतो. निर्णयाचा क्षण मात्र पुस्तकात नसतो. तो काम चालू असतानाच दिसतो आणि जो काम करतो त्याच्याचपाशी दिसतो. गणपतीच्या शाळेच्या दारात बसलेली मुले हाच क्षण पाहण्यासाठी जेवण विसरतात.

या मतावर आक्षेप घेणारे घेतील, की असा गुरू शिष्याला आपल्या साच्यात घालतो. आक्षेप खरा आहे. मोठ्या चित्रकाराच्या वर्गातून त्याच्याच दहा फिकट प्रती बाहेर पडल्याची उदाहरणे सर्व देशांत आहेत. ग्रिफिथ्सच्या वार्निशाची गोष्ट आम्ही सांगितली. शिष्यांवरही असे वार्निश चढू शकते, आणि कालांतराने ते काळवंडते.

यावर उपाय काय? शिक्षकाने स्वतःचे काम सोडून द्यावे, हा तो उपाय नव्हे. स्वतःच्या कामात त्याने शोध चालू ठेवावा, हा आहे. शंकर पळशीकर यांचे उदाहरण घ्या. स्वातंत्र्याच्या सुमारास ते जे. जे. मध्ये शिक्षक झाले आणि १९६८ मध्ये तेथील अधिष्ठाता झाले. त्यांची स्वतःची चित्रे एका जागी थांबली नाहीत. लघुचित्रांच्या परंपरेपासून नव्या प्रतीकांच्या शोधापर्यंत ती सरकत गेली. आणि त्यांचे विद्यार्थी पाहा: अकबर पदमसी, तय्यब मेहता. या दोघांची चित्रे एकमेकांसारखी नाहीत, आणि गुरूसारखी तर मुळीच नाहीत. ज्याला स्वतःची रीत सापडली असे वाटून तो थांबला, तो ती रीत शिष्याला देऊन मोकळा होतो. जो अजून शोधतो आहे, त्याच्याजवळ द्यावयाला शोधण्याची सवय असते. आम्हांला वाटते, साच्याचा दोष कामाचा नसून थांबलेल्या कामाचा आहे.

पळशीकरांच्या आधी, १९५८ ते १९६८ या काळात, अधिष्ठात्याच्या खुर्चीवर प्रल्हाद अनंत धोंड होते. हे आपल्याच कोकणातले. जलरंगातली त्यांची समुद्रदृश्ये प्रसिद्ध आहेत. एवढ्या मोठ्या संस्थेचा कारभार म्हणजे टिपणे, मंजुऱ्या, बैठका. अशा खुर्चीवर बसल्यावर ब्रश वाळून जाणे अगदी स्वाभाविक. धोंडांचा ब्रश वाळला नाही. पुढे त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिले ‘रापण’. किनाऱ्यावर दोन्ही टोकांनी ओढत आणावयाचे ते मोठे जाळे आपल्यापैकी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नाव किती समर्पक आहे ते सांगावयास नको. रापण एकट्याने ओढता येत नाही. चित्रकलेच्या शिक्षणाचेही तसेच आहे; एक टोक कामाचे, एक टोक शिकवण्याचे, आणि दोन्ही टोके सारखी ओढली तरच मासळी किनाऱ्याला लागते.

येथपर्यंत आम्ही मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. आता आपल्या गावच्या शाळेत येऊ या, कारण कोकणातल्या बहुतेक मुलांना धुरंधर किंवा धोंड भेटत नाहीत. भेटतात ते चित्रकलेचे मास्तर.

आम्ही ज्या शाळेत शिकलो तेथील चित्रकलेच्या मास्तरांना आम्ही चित्र काढताना वर्षभर पाहिले नव्हते. त्यांचा हात सुरेख होता. त्याचा उपयोग शाळेने सूचनाफलक रंगविण्यासाठी, स्नेहसंमेलनाचा पडदा सजविण्यासाठी आणि निकालपत्रकांवर वळणदार अक्षरांत नावे घालण्यासाठी करून घेतला होता. शिक्षक रजेवर असलेला कोणताही वर्ग त्यांच्याकडे जाई. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांची तयारी ते नेमाने करून घेत. स्मरणचित्रासाठी छत्री धरलेला मनुष्य, टोपलीवाली आणि पाठमोरा मुलगा अशा तीन आकृती आम्ही पाठ केल्या होत्या. विषय जत्रेचा येवो, एस. टी. स्थानकाचा येवो की पावसाचा, हीच तिन्ही माणसे आमच्या कागदावर हजर होत. आम्ही उत्तीर्णही झालो. पण एकाही टोपलीवालीकडे आम्ही त्यासाठी मान वर करून पाहिले नव्हते.

एके दिवशी जुलैच्या पावसात वर्ग लवकर सुटले आणि वाशिष्ठीला पाणी चढल्यामुळे आम्ही काही मुले शाळेतच अडकलो. मास्तर खिडकीशी बसले आणि त्यांनी कागद भिजवून नदीचे चित्र सुरू केले. तांबूस पाणी, पलीकडे गोवळकोटच्या बाजूची हिरवी टेकडी, वर ओथंबलेले आभाळ. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. इतक्यात कौलातून एक थेंब टपकला तो थेट ओल्या आभाळावर. रंग फुटला आणि मोठा पांढुरका डाग पसरला. आम्हांला वाटले, आता मास्तर कागद फाडतील. त्यांनी ब्रश खाली ठेवला, डागाकडे थोडा वेळ पाहिले, खिशातला रुमाल काढून डागाची एक कड हलकेच टिपली आणि दुसरी तशीच वाहू दिली. टेकडीवर उतरणाऱ्या पावसाची सर तयार झाली. मास्तर आमच्याकडे वळून हसले आणि म्हणाले, ‘थेंब पडला तो बरा पडला रे.’

तोवर आमची अशी समजूत होती, की चित्र चुकते ते फक्त मुलांचे. त्या अर्ध्या तासात आम्ही जे शिकलो ते त्याआधीच्या वर्षभरात शिकलो नव्हतो. आणि आज मागे वळून पाहताना मनाला लागते ते हे, की त्या मास्तरांना असा अर्धा तास मिळण्यासाठी नदीला पूर यावा लागला!

ही तक्रार एका शाळेची नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी शिक्षक सांगितला आहे. परंतु तो अंशकालीन निदेशक म्हणून सांगितला आहे. गणिताच्या बाबतीत असे कोणी सुचविले असते तर पालकांनी ते ऐकून घेतले नसते. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, म्हणून परीक्षेला बसणारी मुले कमी नाहीत. गुण मिळावेत, त्याला आमचा विरोध नाही. पण तीन पाठ आकृतींवर गुण मिळू लागले, तर मुलाच्या हाती गुण येतील आणि डोळा जाईल. मालणकरांसारखा डोळा शाळेत नसता तर सावंतवाडीचा तो मुलगा कोठे गेला असता, याचा विचार प्रत्येक गावाने करावा.

आपल्या तालुक्यात तर या विचाराला चांगली भूमी आहे. सावर्डे येथे सह्याद्री शिक्षण संस्थेचे कलामहाविद्यालय आहे. कलेचे उच्च शिक्षण घेण्यासाठी कोकणातल्या मुलाने मुंबईचीच वाट धरली पाहिजे, असे आता उरलेले नाही. गावोगावी गणपतीच्या शाळा आहेत. आणि १८६४ साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या चिपळुणात आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तेथील ग्रंथांची फार मोठी हानी झाली, तरी संस्था खचली नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या गावाला पुस्तकांची एवढी चाड आहे, त्या गावाला चित्रांची चाड नसेल असे आम्ही मानीत नाही.

म्हणून शाळा चालविणाऱ्यांपुढे आणि पालकांपुढे आम्ही तीन लहान गोष्टी ठेवतो. पहिली, चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत एक कोपरा आणि आठवड्याचे दोन तास स्वतःच्या कामासाठी द्यावेत, आणि ते काम दार उघडे ठेवून व्हावे. दुसरी, वर्षातून एकदा तालुक्यातील चित्रकला-शिक्षकांच्या स्वतःच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे, आणि त्यात बिघडलेले कागदही मांडावेत; मुलांना ते पुऱ्या चित्रांइतकेच पाहू द्यावेत. तिसरी, श्रावणातल्या एखाद्या दिवशी शाळेतल्या मुलांना गणपतीच्या शाळेत न्यावे. टिपणे काढावयास सांगू नये, नुसते बसू द्यावे.

यांतल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही. लागते ती एक समजूत: शिक्षक चित्र काढीत बसला आहे म्हणजे तो काम चुकवीत नाही, शिकवीत आहे. ही समजूत गणपतीच्या शाळेच्या दारात बसणाऱ्या मुलांना केव्हाच आलेली आहे. आपण मोठ्यांनी ती त्यांच्यापासून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.